सोलर शेवटी: पुण्यातल्या शाळा-दवाखान्यांत वीज वाचवण्याचा क्रम

शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत वीजबिलाचा विषय निघाला की चर्चा लगेच गच्चीवरच्या सोलरवर जाते. सोलर चांगलंच आहे, पण ते पहिलं काम नव्हे. ज्या इमारतीत रात्रभर दीड किलोवॅट विनाकारण चालू असतो, तिथे आधी सोलर लावणं म्हणजे गळकी टाकी तशीच ठेवून मोठा पंप बसवणं. आधी मोजायचं, मग फुकटात होणारी कामं करायची, मग पंखे-दिवे-छप्पर, आणि वापर खाली आला की उरलेल्या वापरापुरतं सोलर. हा क्रम पाळला तर सोलरचा आकार कमी लागतो आणि देणगीचा पैसाही वाचतो.

दुसरी गोष्ट दवाखान्यांसाठी. तिथे काही उपकरणांवर बचत करायचीच नसते. ती कोणती, हे आधी ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. त्याबद्दल पुढे येतंच.

बिल हातात घ्या

महावितरणची मागच्या बारा महिन्यांची बिलं एकत्र करा आणि चार आकडे वहीत उतरवा: युनिट, मंजूर भार किंवा करार मागणी (महावितरणशी ठरलेली भाराची मर्यादा), प्रत्यक्ष नोंदलेली कमाल मागणी, आणि टॅरिफचा म्हणजे दराचा प्रकार. शाळा आणि रुग्णालयं 'सार्वजनिक सेवा' या वर्गात येतात. त्यातही सरकारी संस्थांचा पोटवर्ग वेगळा आणि इतरांचा वेगळा. जोडणी कधीकाळी ट्रस्टच्या कार्यालयाच्या नावाने घेतलेली असेल तर ती व्यावसायिक दरात पडलेली असू शकते. तसं असेल तर वर्ग बदलण्याचा अर्ज हीच सगळ्यात स्वस्त बचत.

कमाल मागणीचं गणितही सोपं आहे. करार मागणी ६० केव्हीए (मागणी मोजायचं एकक) आहे आणि वर्षभरात एकदाही ३५च्या वर गेलेली नाही, तर दरमहाचा स्थिर आकार गरजेपेक्षा जास्त भरला जात असू शकतो. मागणी कमी करायचा अर्ज द्या. मात्र अर्जाआधी मार्च-एप्रिलच्या परीक्षांचे दिवस आणि स्नेहसंमेलनाचा महिना पाहा, कारण मागणी ओलांडली तर दंड लागतो. मोठ्या भाराच्या जोडणीचं बिल नेहमीच्या युनिटऐवजी केव्हीएएचवर येतं. तिथे पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा भाग, घसरला की वापर तेवढाच राहूनही बिल वाढतं. ०.९५च्या खाली दिसला तर तो सुधारणारं कपॅसिटर पॅनेल तपासून घ्या. बऱ्याचदा पॅनेल असतं, पण आतले दोन-तीन कपॅसिटर फुगून निकामी झालेले असतात आणि कोणी दार उघडलेलं नसतं.

रात्रीचं रीडिंग

याला एक रुपया लागत नाही. शाळा सुटल्यावर संध्याकाळी ७ वाजता मीटरचं रीडिंग घ्या, सकाळी ७ वाजता पुन्हा घ्या. सीटी मीटर (मोठ्या भारासाठीचं, प्रवाहाचा ठरावीक भागच मोजणारं) असेल तर फरकाला बिलावर छापलेल्या एमएफने (गुणकाने) गुणायला विसरू नका, नाहीतर सगळं गणित चुकतं. समजा फरक १८ युनिट निघाला. बारा तासांत १८, म्हणजे रिकाम्या इमारतीत दीड किलोवॅट चालू आहे. वर्षभराच्या नुसत्या रात्रींचे हे साडेसहा हजारांहून जास्त युनिट झाले. एवढे युनिट तयार करायला पुण्यात साडेचार ते पाच किलोवॅटचं सोलर लागेल.

आता तो दीड किलोवॅट शोधायचा. वायरमनला बरोबर घ्या, रात्री डीबीसमोर (वीज वाटणाऱ्या पेटीसमोर) उभे राहा आणि एकेक एमसीबीवर (प्रत्येक लाइनच्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर) क्लॅम्प मीटर (वायर न तोडता प्रवाह मोजणारं) लावत जा. सापडणाऱ्या वस्तू ठरलेल्या असतात: प्रत्येक मजल्यावरचा वॉटर कूलर, कॉम्प्युटर लॅबचा यूपीएस, स्टाफरूमचा गीझर, न विझवलेले व्हरांड्याचे दिवे, बंद दिसणारे पण स्टँडबायवर असलेले डिजिटल फळे. यूपीएसवर काहीही लोड नसताना तो स्वतःसाठी शंभर-दोनशे वॅट खातो. सीसीटीव्ही आणि गेटचा दिवा राहणारच, ते बाजूला काढा. बाकीच्यांसाठी दोन उपाय आहेत. वॉटर कूलरला १६ अँपियरचा टायमर लावा, शाळेआधी तासभर चालू आणि शाळा सुटल्यावर बंद. लॅब आणि फळे यांच्यासाठी दारापाशी एक मुख्य स्विच द्या, शेवटी कुलूप लावणाऱ्या व्यक्तीच्या हाताशी येईल असा. 'वीज वाचवा' अशी पाटी लावून फारसं काही होत नाही. स्विच कुठे आहे आणि तो बंद करणं कोणाचं काम आहे, यावर सगळं ठरतं.

दवाखान्यात ही चाचणी करताना एमसीबी पाडून बघू नका. फक्त क्लॅम्प मीटर. कोणत्या लाइनवर काय आहे याचा नकाशा जुन्या इमारतीत कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसराच असतो.

पंखे: वॅट नव्हे, तास बघा

जुना १२०० मिलिमीटरचा छताचा पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा २८ ते ३५. म्हणजे एका पंख्यामागे साधारण ४५ वॅटची बचत. ही बचत किती पैशांची, ते पंखा वर्षात किती तास फिरतो त्यावर आहे.

वीस वर्गांची एका पाळीची शाळा घ्या. प्रत्येक वर्गात चार, म्हणजे ८० पंखे. ८० गुणिले ४५ वॅट म्हणजे ३.६ किलोवॅट. रोज ६ तास, वर्षात २०० दिवस, तर १,२०० तास. बचत ४,३२० युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर सुमारे ३९ हजार रुपये. चालू पंखे काढून तीन हजारांचा एकेक नवा बसवला तर खर्च २ लाख ४० हजार, म्हणजे वसुलीला सहा वर्षांहून जास्त. हेच पंखे जळतील तसतसे बदलले, तर साध्या नव्या पंख्यापेक्षा जे बाराशे-पंधराशे जास्त पडतात तेवढेच मोजायचे, आणि ते साधारण अडीच-तीन वर्षांत निघतात. त्यामुळे एका पाळीच्या शाळेत चांगले चालणारे पंखे सरसकट काढू नका. यापुढे खरेदी फक्त बीएलडीसीची, असा ठराव करा आणि सुरुवात दोन पाळ्यांच्या वर्गांपासून, वाचनालयापासून, कार्यालयापासून करा.

वॉर्डातलं गणित याच्या उलट. पंखा चोवीस तास, वर्षात ३०० दिवस. एका पंख्यामागे ३२४ युनिट, म्हणजे जवळपास २,९०० रुपये. तीन हजारांचा पंखा वर्षभरात फिटतो. वॉर्ड, लेबर रूम, सिस्टरांची ड्युटी रूम, रात्रपाळीचं कॅज्युअल्टी इथले पंखे चालू स्थितीत असले तरी बदला.

बीएलडीसी पंखे फसतात ते बहुतेक वेळा बसवताना. जुना रेग्युलेटर तसाच ठेवून पंखा जोडला की पंख्यातलं सर्किट गरम होतं, आवाज येतो आणि काही महिन्यांत पंखा बंद पडतो. रेग्युलेटर काढून सरळ जोडणी करायची. दुसरी अडचण रिमोटची. वर्गात रिमोट टिकत नाही. भिंतीवरच्या स्विचने वेग बदलता येणारं मॉडेल घ्या, किंवा स्विच चालू केल्यावर आधीच्या वेगाने सुरू होणारं तरी घ्या. तिसरं म्हणजे सैल न्यूट्रल, म्हणजे परतीच्या वायरचा ढिला सांधा. मुळशी, भोर, राजगड या भागांतल्या शाळांत पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होतं, आणि न्यूट्रल सैल असेल तर एकाच दुपारी दहा पंख्यांची सर्किटं जातात. आधी मुख्य डीबीत सर्ज प्रोटेक्शन (अचानक उसळलेलं व्होल्टेज अडवणारं उपकरण) बसवा, न्यूट्रल लिंकचे स्क्रू घट्ट करा, अर्थिंग मोजून घ्या. मग पंखे आणा. आणि सगळी ऑर्डर देण्याआधी दोन वर्गांत एक महिना लावून बघा.

छताच्या पंख्यांना जानेवारी २०२३पासून बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता संस्थेचं) स्टार लेबल सक्तीचं आहे. कोटेशनमध्ये नुसतं 'एनर्जी सेव्हिंग' लिहिलेलं चालवून घेऊ नका. वॅट, हवेचा प्रवाह आणि वॉरंटीची वर्षं, तिन्ही लेखी मागा. कमी वॅटचा पण वाराच न देणारा पंखा घेतला तर मुलं घामाघूम बसतात आणि महिन्याभरात कोणीतरी टेबलफॅन आणून ठेवतं.

दिवे, आणि डोळ्यांपर्यंत पोचणारा प्रकाश

ट्यूब बदलताना सगळे वॅट मोजतात. प्रकाश मोजायचा राहून जातो. वर्गात बाकावर साधारण ३०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं एकक) हवेत, फळ्यावर त्याहून जास्त. वर्ग ६ बाय ७.५ मीटरचा, म्हणजे ४५ चौरस मीटर. २० वॅटची चांगली एलईडी ट्यूब २,२०० ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश) देते. भिंती-छताने शोषून, धुळीने अडून त्यातला निम्मा प्रकाश बाकापर्यंत येतो असं धरा. सहा ट्यूबचे १३,२०० ल्युमेन, त्याचे निम्मे ६,६००, भागिले ४५, म्हणजे १५०च्या आत लक्स. खिडकीतून ऊन येत असेल तोवर हे जाणवत नाही. जुलैच्या सकाळी सातच्या शाळेत मागच्या बाकावरची मुलं वहीवर वाकून लिहितात ती यामुळे. अशा वर्गाला बारा ट्यूब हव्यात. बारा एलईडी ट्यूब मिळून २४० वॅट. जुन्या सहा ३६ वॅटच्या ट्यूब चोकसकट २९०च्या आसपास घेत होत्या. म्हणजे दिवे दुप्पट लावूनही वीज कमीच लागते.

ट्यूबच्या रांगा खिडकीच्या भिंतीला समांतर ठेवा आणि प्रत्येक रांगेला वेगळा स्विच द्या. खिडकीकडची रांग वर्षातले आठ महिने बंद ठेवता येते. आहे त्या वायरिंगमध्ये रांगा आडव्या असतील आणि एकाच स्विचवर असतील, तर मे महिन्याच्या सुट्टीत तेवढं वायरिंग बदलून घ्या. छत पांढरं आणि भिंतींचा वरचा भाग फिक्या रंगाचा असेल तर तेवढ्याच दिव्यांत प्रकाश वाढतो. तो रंग दिव्यांच्या बजेटमध्येच धरा.

विकत घेताना पॉवर फॅक्टर ०.९च्या वर, सर्ज सहन करण्याची क्षमता किमान ४ केव्ही आणि रंग ४००० केल्विन मागा. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश दिवसभर डोळ्यांवर येतो. लुकलुक तपासायला मोबाइलचा कॅमेरा ट्यूबवर धरा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो माल परत करा. जुन्या पट्टीत नवी ट्यूब घालणार असाल तर चोक आणि स्टार्टर काढायलाच हवेत, आणि ट्यूबला वीज एका टोकाने लागते की दोन्ही, हे पाहून वायर जोडा. चुकीच्या जोडणीत ट्यूब बदलणाऱ्याच्या हाताला करंट बसू शकतो.

दवाखान्यात आणखी एक आकडा लागतो तो सीआरआयचा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा. वॉर्डात आणि व्हरांड्यात ८० पुरतो. तपासणीच्या टेबलावर, लेबर रूममध्ये आणि बाळाच्या वॉर्मरपाशी ९०च्या वरचाच दिवा लावा. स्वस्त दिव्याखाली त्वचेचा पिवळेपणा किंवा ओठांचा निळसरपणा लपतो. नवजात बाळाची कावीळ दिव्यामुळे नजरेतून सुटली, तर त्या बचतीला काही अर्थ नाही.

गच्ची, पत्रे आणि पश्चिमेची भिंत

पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण रात्र बऱ्यापैकी उतरते. त्या थंड रात्रीचा उपयोग करून घेता येतो. वरच्या झडपा आणि व्हेंटिलेटर रात्री उघडे राहिले तर भिंती आणि स्लॅब सकाळपर्यंत निवतात. अडचण असते ती सुरक्षेची आणि कबुतरांची. झडपांना लोखंडी गज आणि बाहेरून जाळी लावली की दोन्ही मिटतात. बहुतेक शाळांत हे व्हेंटिलेटर रंगाने चिकटून बसलेले असतात किंवा कागद लावून बंद केलेले असतात. एकदा फिरून सगळे मोकळे करा.

वरच्या मजल्याचा मुख्य शत्रू स्लॅब. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर पांढरं चायना मोझॅक (चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी) ही इथली जुनी पद्धत आजही उत्तम आहे, पाणी आणि ऊन दोन्ही अडवते. गळती नसेल आणि बजेट कमी असेल तर पांढरं परावर्तक कोटिंग द्या. डब्यावरचा एसआरआय (ऊन परतवण्याच्या क्षमतेचा) आकडा मागा, चांगल्या पांढऱ्या कोटिंगचा तो शंभरच्या आसपास असतो. त्याने वरच्या खोल्यांत दोन ते चार अंशांचा फरक पडू शकतो. त्याहून स्वस्त म्हणजे भिजवून गाळलेला चुना बाइंडर घालून दोन हात. तो एका पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मारायचा. गळती दुरुस्त करण्याआधी कोटिंगचं काम करू नका. खाली ओल असलेल्या स्लॅबवर थर दिला की पहिल्या पावसात पापुद्रे सुटतात. आणि ज्या जागेवर पुढे सोलर येणार आहे तिथलं वॉटरप्रूफिंग आत्ताच पक्कं करून घ्या. पॅनेल बसल्यावर खालची गळती दुरुस्त करणं फार महागात पडतं.

पत्र्याच्या वर्गाला रंग एवढाच उपाय नाही. पत्रा वरून पांढरा करा, खाली इन्सुलेशनसह छत घ्या, आणि दोन्हींच्या मधली गरम हवा बाहेर जायला कोपऱ्यातून किंवा कण्यावरून वाट ठेवा. वाट ठेवली नाही तर मधली हवा तापते आणि छतही तापतं. पश्चिमेच्या खिडक्यांना आतून पडदा लावून उष्णता अडत नाही, कारण ती काचेतून आत आलेली असते. बाहेरून छज्जा, उभ्या पट्ट्या, बांबूची चटई किंवा झाड हवं.

पश्चिमेला करंज, कडुनिंब किंवा ताम्हण लावा, भिंतीपासून किमान पाच मीटरवर. वड-पिंपळ मैदानाच्या कडेला शोभतात, पायाजवळ नकोत. गुलमोहराच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडतात, मुलं खेळतात तिथे तो नको. आहे ते झाड सोलरवर सावली पडते म्हणून तोडायचा विचार मनातून काढा. शहरात त्याला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि त्या झाडाने अडवलेलं ऊन तुम्हाला पुन्हा पंख्यांनी भरून काढावं लागतं. पॅनेलची जागा बदला.

दवाखान्यात हात लावायचा नाही ते

लसींचं आयएलआर (बर्फाचं अस्तर असलेला फ्रिज) २ ते ८ अंशांत आणि डीप फ्रीझर उणे १५ ते उणे २५ अंशांत राहायला हवा. त्यांना टायमर नाही, एक्स्टेंशन बोर्ड नाही, त्यांच्या प्लगला दुसरं काही नाही. स्वतंत्र सॉकेट, स्टॅबिलायझर आणि स्विचवर 'बंद करू नये' अशी चिकटपट्टी. रेडियंट वॉर्मर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन आणि रक्तसाठ्याचा फ्रिजही याच यादीत. ही यादी छापून डीबीच्या दारावर आतून लावा.

ओपीडीत एसी लावायची मागणी वरचेवर येते. जपून. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. खोकणारे पेशंट बसतात तिथे खिडक्या बंद करून एसी लावला तर क्षयरोगासारखा हवेतून पसरणारा संसर्ग वाढायची भीती आहे. प्रतीक्षागृहाला आमनेसामने खिडक्या, उंच झरोके आणि बीएलडीसी पंखे द्या. पंख्याचा वारा पेशंटकडून कर्मचाऱ्यांच्या टेबलाकडे नव्हे, उलट दिशेने जाईल अशी टेबलं मांडा. जिथे एसी हवाच, तिथे २४ ते २६ अंश आणि वर पंखा. बीईईच्या मते एक अंश वर ठेवला तर एसीची वीज साधारण सहा टक्क्यांनी वाचते. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा. बाहेरच्या युनिटसमोर जुनी कपाटं रचून ठेवलेली असतील तर ती हलवा. तिथे अडकलेली गरम हवा कॉम्प्रेसरला थांबूच देत नाही.

ऑपरेशन थिएटरचा नियम वेगळा. एनएबीएच या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रिया नसतानाही एएचयूचा (हवा गाळून, थंड करून आत सोडणाऱ्या यंत्रणेचा) ब्लोअर चालू राहायला हवा, म्हणजे थिएटरमधला हवेचा दाब टिकतो. त्यामुळे 'रात्री सगळं बंद' ही सूचना इथे लागू नाही. बचत करायची ती व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून ब्लोअरचा वेग कमी करून आणि रिकाम्या वेळी कूलिंग बंद ठेवून. पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी उतरवला तरी त्याची वीज जवळपास निम्म्यावर येते, त्यामुळे व्हीएफडीचा खर्च लवकर निघतो. हे काम एचव्हीएसीच्या (वातानुकूलन यंत्रणेच्या) माणसाकडूनच करून घ्या आणि दाब मोजल्याशिवाय सही करू नका.

जनरेटरकडेही बघा. एका लिटर डिझेलमागे साधारण तीन ते साडेतीन युनिट मिळतात, म्हणजे ही सगळ्यात महाग वीज. मोठा जनरेटर दहा-वीस टक्के लोडवर तासन्‌तास चालवला तर डिझेलही जास्त लागतं आणि इंजिनात न जळलेलं तेल साचतं.

पाणी

दोन अश्वशक्तीचा पंप टाकी भरून रोज अर्धा तास वाहत असेल तर एक युनिट आणि भरपूर पाणी वाया. लेव्हल कंट्रोलर बसवा, खालच्या टाकीलाही सेन्सर द्या, म्हणजे पंप कोरडा चालत नाही. प्रसूतिगृहाला आणि वॉर्डाला गरम पाणी सोलर वॉटर हीटरचं द्या. १०० लिटरचा हीटर वर्षाला पंधराशे युनिटांपर्यंत वाचवू शकतो. बोअरचं जड पाणी असेल तर काचेच्या नळ्यांत क्षार साचतात, तिथे हीट एक्सचेंजरचा प्रकार घ्या. गीझर काढून टाकू नका, पावसाळ्यासाठी ठेवा, पण त्याला टायमर लावा.

छतावरच्या पावसाचं गणित: १०० चौरस मीटर छप्पर, पुणे शहरातला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, गळती-बाष्प वजा जाता ५६ हजार लिटर. पहिल्या सरीचं शंभर-दोनशे लिटर घाण पाणी वळवायला वेगळा पाइप ठेवाच. तो नसेल तर फिल्टर आठवड्यात तुंबतो.

आता सोलर

वापर खाली आल्यानंतरचे बारा महिने समोर ठेवा. पुण्यात एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, वर्षाला १,४००च्या आसपास. सपाट गच्चीवर एका किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर मोकळी जागा धरा. तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश.

शाळेचं एक वैशिष्ट्य आहे. मे महिन्यात ऊन भरपूर आणि शाळा बंद. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत, हे जादा युनिट पुढच्या महिन्यांत वजा होतात आणि हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी, मार्चअखेर मिटतो. मे महिना वर्षाच्या सुरुवातीला येतो, त्यामुळे ते युनिट जून ते मार्च वापरता येतात. मार्चअखेर उरलेल्यांना मात्र कमी दर मिळतो. म्हणून आकार वार्षिक वापराच्या थोडा खालीच ठेवा. मीटर टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार दर लावणारं) असेल तर दुपारी तयार झालेल्या युनिटांची रात्रीच्या वापराशी वजावट होते की नाही, हे करार करण्याआधी महावितरणकडून लेखी घ्या. नियामक आयोगाचे आदेश बदलतात आणि विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये जुनाच हिशेब असू शकतो.

पीएम सूर्यघरचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, शाळा-दवाखान्यांना ते मिळत नाही. ते मिळेल असं सांगणाऱ्या विक्रेत्याला तिथेच थांबवा. भांडवल नसेल तर रेस्को पद्धत बघा. कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनेल लावते आणि तुम्ही युनिटचे पैसे देता. करारात दर किती वर्षं बदलणार नाही, गळती झाली तर जबाबदारी कोणाची आणि मध्येच इमारत पाडायची वेळ आली तर काय, ही तीन कलमं वाचल्याशिवाय सही नको. ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्यायचं असेल तर महाऊर्जाचं (राज्याच्या ऊर्जा विकास अभिकरणाचं) मुख्यालय पुण्यातच आहे, तिथे चौकशी करा.

बसवताना स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घ्या. पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरून सांगाडा डिझाइन केलेला हवा. डीसी, एसी आणि वीजरोधक यांचे अर्थिंगचे खड्डे वेगळे. पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची आणि शेजारच्या इमारतीची सावली डिसेंबरमध्ये सकाळी ९ आणि दुपारी ३ला कुठपर्यंत येते ते खडूने आखून बघा. गच्चीवर नळ आणि चालायला वाट ठेवा, नाहीतर पॅनेल कोणी धुणार नाही. एप्रिल-मेच्या धुळीत पंधरा दिवसांनी, सकाळी लवकर, पॅनेल गार असताना साध्या पाण्याने धुवा.

बसवून झाल्यावर बहुतेकांची निराशा दोन गोष्टींनी होते. पहिली: वीज गेली की हे सोलरही बंद पडतं. ग्रिडवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ नये म्हणून ते मुद्दाम तसं असतं. दुसरी: सोलर लागल्यावर पॉवर फॅक्टर घसरतो, कारण ग्रिडकडून घेतलेली खरी वीज कमी होते आणि मोटारींची रिअॅक्टिव्ह (प्रत्यक्ष काम न करता फक्त चुंबकत्वासाठी लागणाऱ्या विजेची) गरज तेवढीच राहते. कपॅसिटर पॅनेल नव्याने लावून घ्या. जनरेटर असलेल्या दवाखान्यात सोलर आणि जनरेटर यांच्यामध्ये कंट्रोलर लागतोच. तो नसेल तर लोड कमी झाल्यावर सोलरची वीज जनरेटरमध्ये उलटी शिरते.

वीज गेल्यावरही चालायला हवं त्यासाठी बॅटरी, आणि तीही फक्त निवडक लोडसाठी, वेगळ्या डीबीवर. प्राथमिक आरोग्य केंद्राची लेबर रूम घ्या: वॉर्मर सरासरी ३०० वॅट, कॉन्सन्ट्रेटर ३५०, दिवे १००, पंखे ५०. एकूण ८०० वॅट, सहा तास, म्हणजे ४.८ युनिट. इन्व्हर्टरमधली तूट धरून ५.३. ट्यूब्युलर (लेड-अ‍ॅसिड) बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणून ४८ व्होल्ट २२० एएच (अँपियर-तास). लिथियम फॉस्फेट ८० टक्के वापरता येते, म्हणून सात किलोवॅट-तासांच्या आसपास. सक्शनची मोटार सुरू होताना झटका घेते, त्यामुळे इन्व्हर्टर ३ केव्हीएपेक्षा लहान नको. आयएलआर या बॅटरीवर घेण्याची घाई नको. झाकण बंद ठेवलं तर बर्फाच्या अस्तरामुळे ते बराच वेळ तापमान धरून ठेवतं, आणि बॅटरीची ताकद वॉर्मरसाठी उरते.

काढलेल्या जुन्या ट्यूबचं काय करायचं हेही कंत्राटातच लिहा. त्यांत पारा असतो. ढिगात टाकून फोडू नका, मुलांच्या हाताशी ठेवू नका, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशवीतही घालू नका. नव्या ट्यूब ज्या खोक्यांतून आल्या त्याच खोक्यांत जुन्या उभ्या भरा, कुलूपबंद खोलीत ठेवा आणि नोंदणीकृत ई-कचरा संकलकाला देऊन पावती फाइलला लावा. एखादी फुटलीच तर खिडक्या उघडून खोली पंधरा मिनिटं रिकामी ठेवा. झाडू किंवा व्हॅक्यूम न वापरता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा.